आम्ही साडेबाराची वेळ का घेतली

क्रूझची तयारी म्हटलं की केबिन कुठल्या डेकवर घ्यायची, बाल्कनी हवी की खिडकी पुरे, यावर दिवसच्या दिवस चर्चा होते. बंदरावर किती वाजता पोचायचं हा विषय मात्र टॅक्सी ठरवायची वेळ आली की निघतो. माझं म्हणणं असं, की बरोबर वयस्कर माणसं असतील तर हाच विषय आधी घ्यावा. पहिला दिवस रांगेत आणि ताटकळण्यात गेला की त्यांचा दुसरा दिवस थकवा काढण्यात जातो, आणि छोट्याशा सफरीत असा दिवस घालवणं परवडत नाही.

या वेळी माझे आई-बाबा बरोबर होते. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. सावकाश चालायला ती तयार असते, पण दहा मिनिटं एका जागी उभी राहिली की तिचे पाय भरून येतात. बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे जेवणाची वेळ फार पुढेमागे करून चालत नाही. दुपारी दोघांनाही थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. कुठलीही वेळ समोर आली की मी ती एवढ्यावरच तपासत होते: उभं किती राहावं लागेल, जेवण कधी होईल आणि पाठ कधी टेकता येईल.

याआधी मी आणि नवरा दोघंच गेलो होतो तेव्हा आम्ही मिळेल ती पहिली वेळ घेतली होती, आणि ती आम्हाला अगदी मानवली होती. जहाज जवळजवळ रिकामं होतं. पोहण्याच्या तलावात आम्ही आणि आणखी दोन-तीन माणसं. लिफ्ट बोलावली की लगेच येत होती. केबिन उघडायला पुष्कळ अवकाश होता, पण पाठीवर एकेक छोटी पिशवी घेऊन सगळे डेक पालथे घालण्यात तो वेळ कसा गेला ते कळलंही नाही. त्यामुळे आई-बाबांचं ठरलं तेव्हा नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "पुन्हा तीच वेळ घेऊया." मला ते पटेना. जो वेळ आम्ही हिंडण्यात घालवला तो आई कुठे घालवणार?

म्हणून जहाजाचा तो दिवस कसा जातो हे मी नीट समजून घ्यायला बसले. बंदरावर येण्याची वेळ कंपनी ठरवते ती त्या दिवसाच्या हिशेबाने, आणि तो हिशेब कळला की कुठल्या वेळेला काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आपलं आपल्याला कळतं.

आपण ज्या दिवशी चढतो त्याच दिवशी पहाटे ते जहाज आधीची सफर संपवून धक्क्याला लागलेलं असतं. सकाळी सातच्या आसपास उतरणं सुरू होतं आणि साडेनऊ-दहापर्यंत चालतं. २०२४ साली सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या जहाजावर जास्तीत जास्त ७६०० प्रवासी राहू शकतात. भरलेलं जहाज असेल तर तेवढी माणसं सकाळी उतरतात आणि तेवढीच दुपारपर्यंत चढतात, तीही त्याच इमारतीतून आणि त्याच रस्त्याने. पुष्कळ बंदरांवर आधीच्या सफरीतला शेवटचा प्रवासी उतरल्याची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय नव्या एकाही माणसाला वर सोडत नाहीत. एखादं कुटुंब केबिनमध्ये झोपून राहिलं असेल, तर नाव घेऊन घोषणा होतात, माणूस पाठवला जातो, आणि तोपर्यंत खाली सगळे थांबतात. लागोपाठ दुसरी सफर करणारे प्रवासीसुद्धा या मोजणीसाठी उतरतात आणि परत चढतात. चढणं अकरा ते साडेअकराच्या दरम्यान सुरू होतं असं म्हणतात ते सर्वसाधारणपणे खरं आहे, पण ते या मोजणीवर अवलंबून असतं. सगळ्यात लवकर येणाऱ्याला या दिरंगाईचा पूर्ण भार सोसावा लागतो. नंतर येणाऱ्याला ती कळतही नाही.

दुसरी गोष्ट केबिनची. जुने प्रवासी उतरल्यावर तिथल्या चादरी, टॉवेल, न्हाणीघर, कचरा, सगळं नव्याने करायचं असतं आणि एकेका सेवकाकडे डझनाहून जास्त केबिन असतात. त्याच वेळी खाली धान्य, भाजी, दूध, इंधन चढत असतं आणि कचरा उतरत असतो. म्हणून केबिन एक ते दीडच्या आधी सहसा उघडत नाहीत. महागड्या स्वीटवाल्यांना किंवा जास्त पैसे भरून लवकर चढण्याची सोय घेतलेल्यांना काही कंपन्या आधी आत जाऊ देतात, इतरांसाठी त्या मजल्यांची दारं बंद असतात. म्हणजे साडेअकराला चढलेल्या माणसाने दीड ते दोन तास सार्वजनिक जागेत काढायचे, हातातलं सामान सांभाळत.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, पण लवकर गेलेलं काय वाईट? गाडीला आपण तासभर आधी जातोच की."

"बाबा, गाडी लागलेली असली की आपण आपल्या जागेवर जाऊन बसतो. इथे जहाज लागलेलं असेल, पण तुमची जागा दीडपर्यंत तुमची नसते."

त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता दुसरं टोक. नवरा म्हणाला, मग अडीचला जाऊया, टर्मिनल मोकळं असतं. ते खरं आहे. नेहमी जाणारे बरेच लोक मुद्दाम त्या वेळेला जातात आणि टॅक्सीतून उतरल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत वर पोचतात. केबिन तयार, लिफ्ट मोकळ्या. धडधाकट दोघं असतील आणि आदल्या दिवशीच बंदराच्या गावात मुक्काम असेल तर मीही त्या वेळेचा विचार करीन. पण आमचं जहाज पाचला सुटणार होतं आणि चेक-इन साडेतीनला बंद होणार होतं. ही मुदत ताणता येत नाही. अमेरिकेच्या बंदरांवरून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे द्यावी लागते, त्यामुळे कंपन्या तास-दीड तास आधीच दार लावतात. शिवाय जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा तिथला जाणकार नाविक येतो, कुठे जहाज ओढणाऱ्या टगबोटी लागतात, कुठे भरती-ओहोटी पाहावी लागते. त्या सगळ्यांच्या वेळा बांधलेल्या असतात. एका कुटुंबासाठी एवढं सगळं थांबत नाही. सुटलेलं जहाज पुढच्या बंदरावर गाठायचं तर स्वतःच्या खर्चाने, व्हिसा असेल तर, आणि कायदा आड येत नसेल तर. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे ज्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून चढवलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात सहसा सोडता येत नाही. त्यामुळे मधल्याच बंदरावर चढू म्हटलं तरी दर वेळी ते जमत नाही. अडीचला गेलो असतो तर हाताशी एक तास उरला असता. रस्त्यात कोंडी झाली, बाबांची साखर उतरली, आईला बसायला लागलं, तर तो तास बघता बघता संपतो. एवढ्या कमी वेळावर मी त्यांना घेऊन निघणार नव्हते.

उरला मधला काळ. केबिन दीडच्या सुमाराला उघडतात, टर्मिनलमध्ये पाऊण तास धरला, तर साडेबारा ते एकच्या दरम्यान दारात असावं असा उलटा हिशेब मी केला. पहिला मोठा लोंढा तोपर्यंत वर गेलेला असतो, आणि चेक-इन बंद व्हायला अडीच-तीन तास बाकी असतात.

ठरवणं सोपं होतं, ती वेळ हातात पडणं तेवढं सोपं नव्हतं. पूर्वी लोक मनाला येईल तेव्हा यायचे. आता बहुतेक कंपन्या ऑनलाइन चेक-इन करतानाच पंधरा किंवा तीस मिनिटांची वेळ निवडायला लावतात. हे चेक-इन कुणाचं दोन-तीन आठवडे आधी उघडतं, कुणाचं महिना-दीड महिना आधी. लवकरच्या वेळा सगळ्यात आधी संपतात. मधल्या वेळा त्यामानाने टिकतात, पण आमच्या दोन केबिन म्हणजे दोन बुकिंग होती आणि दोन्हींना एकच वेळ हवी होती. इथे माझा आग्रह असा, की चेक-इन उघडेल त्या रात्री सगळ्यांचे पासपोर्ट, पांढऱ्या भिंतीपुढे काढलेले फोटो, कार्डाचे तपशील, आणीबाणीत कळवायचा फोन नंबर हे सगळं टेबलावर काढून बसावं. आई-बाबांचे फोटो मी आदल्याच आठवड्यात काढून ठेवले होते. एका बुकिंगला साडेबारा मिळाली आणि दुसरं भरेपर्यंत ती संपली असती, तर आई-बाबा एका रांगेत आणि आम्ही दुसऱ्या, असं झालं असतं. टर्मिनलवरचे लोक अशा वेळी समजून घेतात असा अनुभव पुष्कळजण सांगतात, पण आईच्या पायांच्या बाबतीत मला कुणाच्या समजुतीवर विसंबायचं नव्हतं. नवरा त्याच्या फोनवर, मी माझ्या फोनवर, अशी दोन्ही बुकिंग आम्ही एकदम भरली.

वेळेआधी गेलं तर बहुधा बाहेर थांबवतात. वेळ उलटल्यावर गेलं तर, चेक-इन चालू असेतोवर, सहसा कुणी अडवत नाही. हे माहीत असलं की रस्त्यात जीव टांगणीला लागत नाही.

आदल्या दिवशी दुपारीच आम्ही बंदराच्या गावात पोचलो होतो. ज्या दिवशी जहाज त्याच दिवशी विमान, ही जुळणी मी कुणालाही सुचवणार नाही, मग साडेबाराची वेळ असो नाहीतर अडीचची.

सकाळी उठल्यावर मी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे कंपनीचा संदेश. जहाजाला उशीर होणार असेल तर तो सकाळी फोनवर आणि ईमेलवर येतो. हिवाळ्यात अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टन किंवा टँपासारख्या बंदरांवर धुकं पडलं की आत येणारा मार्गच बंद ठेवतात आणि जहाज बाहेर समुद्रात थांबून राहतं. आजारपणाची साथ आली असेल तर जास्तीच्या साफसफाईमुळेही चढणं लांबतं. दुसरी गोष्ट म्हणजे जहाजाचं ठिकाण. मोठ्या जहाजांना आपला ठावठिकाणा प्रसारित करणारं यंत्र चालू ठेवावंच लागतं, आणि 'मरीनट्रॅफिक'सारख्या संकेतस्थळावर ते नकाशावर दिसतं. आमचं जहाज धक्क्याला लागलेलं दिसलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "आलंय ना? मग मी निवांत आंघोळ करते."

बंदराच्या वेळापत्रकात त्या दिवशी किती जहाजं आहेत हेही मी आधी पाहून ठेवलं होतं. आमच्याशिवाय आणखी दोन होती. तीन जहाजांचे उतरणारे प्रवासी आणि त्यांना न्यायला आलेल्या गाड्या सकाळी त्या एकाच रस्त्यावर असतात. साडेदहापर्यंत तिकडे फिरकायचंच नाही हे त्यामुळे पक्कं झालं.

हॉटेलची खोली अकराला सोडायची होती. नाश्ता नऊला झाला होता. खाली लॉबीत चांगल्या खुर्च्या होत्या, तिथे आम्ही तासभर बसलो. टर्मिनलच्या बाकापेक्षा त्या खुर्च्या कितीतरी बऱ्या. साडेअकराला बाबांनी थोडं खाऊन घेतलं, त्यामुळे जेवण दोनपर्यंत लांबलं तरी चालणार होतं. त्यांची औषधं, इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी, चौघांचे पासपोर्ट आणि प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड एवढं हातातल्या पिशव्यांत होतं. मोठ्या बॅगा दारातच पोर्टरकडे जातात आणि केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होऊ शकते, कधी रात्रीचे आठही वाजतात. औषध त्या बॅगेत गेलं तर दुपारी ते मागायचं कुणाकडे?

टॅक्सी बारा पस्तीसला दारात थांबली. बॅगांना पट्ट्या आधीच लावल्या होत्या. आईसाठी व्हीलचेअरची मागणी मी बुकिंगबरोबरच नोंदवली होती, तरी दारात परत सांगावं लागलं आणि दहा-बारा मिनिटं थांबावं लागलं. सकाळच्या पहिल्या गर्दीत हेच थांबणं कितीतरी लांबतं, असं खुर्ची घेऊन आलेल्या माणसानेच सांगितलं, कारण तेव्हा उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या दोन्ही लोकांना त्याच खुर्च्या लागतात. हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं, आणि व्हीलचेअर लागणाऱ्यांनी ते जरूर लक्षात घ्यावं.

सामानाची तपासणी विमानतळासारखीच, पण थोडी सैल. इस्त्री, केटल, मेणबत्ती, विजेची एक्स्टेंशन अशा वस्तू सापडल्या तर काढून घेतात. मोठ्या बॅगेत सापडल्या तर ती बॅग केबिनला येतच नाही, सुरक्षा कक्षातून जाऊन आणावी लागते. पुढे कागदपत्रांच्या काउंटरवर आम्हाला वेळ लागला. व्हिसा तपासायचा असला की एकेक पान उलटून पाहतात, आणि सफर मधे दुसऱ्या देशात जाऊन परत त्याच बंदराला येणारी असेल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे की नाही हेही बघतात. ज्यांना ही तपासणी लागत नव्हती ते शेजारच्या रांगेतून भराभर पुढे जात होते. वेळेचा अंदाज बांधताना आपण कुठल्या रांगेत असणार हे धरावं. मी पाऊण तास धरला होता. प्रत्यक्षात थोडा जास्त लागला, आणि त्यातला फार थोडा वेळ आईला उभं राहावं लागलं.

गँगवेवरून, म्हणजे जहाजात जायच्या पुलावरून, आत गेलो तेव्हा दीड वाजत आला होता. आम्ही लिफ्टपाशी पोचतोय तोच घोषणा झाली की सगळ्या केबिन तयार आहेत. खुर्चीवाला आम्हाला थेट केबिनच्या दारापर्यंत घेऊन गेला. लवकर चढलो असतो तर त्याने आईला मधल्या मोठ्या दालनात बसवलं असतं आणि तो खाली पुढच्या माणसाकडे गेला असता, आणि केबिन उघडल्यावर तिला लिफ्टच्या गर्दीतून आम्ही नेलं असतं. कारण ही घोषणा झाली की आधीपासून वर असलेली सगळी माणसं एकदम लिफ्टकडे येतात. दारावर आमची कार्डं लावलेली होती. आई पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "आता मला कुणी एक तास हाक मारू नका."

बाबांना घेऊन नवरा जेवायला गेला. वरच्या बुफेत बारा ते दीड भयंकर गर्दी असते. त्या दिवशी मुख्य भोजनगृहही दुपारी उघडं असू शकतं आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते दोघं तिथे गेले, लगेच टेबल मिळालं.

या वेळेचा तोटा सांगायलाच हवा. रिकामा तलाव आम्हाला मिळाला नाही. सावलीतल्या खुर्च्या भरलेल्या होत्या. पहिल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या जागा चढल्याचढल्या नोंदवणारे लोक आमच्या दोन तास पुढे होते. त्या मी घरूनच ॲपवर नोंदवल्या होत्या म्हणून मिळाल्या.

तीनच्या सुमाराला आई उठल्यावर आम्ही सुरक्षा कवायतीचं उरकलं. हा भाग लोक कटकट म्हणून बघतात, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती, ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालायची. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. चढायला उशीर करून चालत नाही याचं हेही एक कारण आहे. आमच्या जहाजावर सूचना फोनवर पाहायच्या, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ही धोक्याची खूण ऐकायची, आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं अशी पद्धत होती. तिथे मी आईचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत घालून घेतलं. शेवटच्या तासात तिथे रांग लागते. तीनला आमच्यापुढे दोन कुटुंबं होती, त्यामुळे तिथल्या कर्मचारी मुलीने आईला लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते शांतपणे दाखवलं आणि बाबांच्या सगळ्या शंकांना उत्तरं दिली.

बॅगा सहानंतर आल्या, तिसरी साडेसातला. तोपर्यंत कुणालाच त्यांची गरज पडली नव्हती.

पुढच्या सफरीला नणंद आणि तिची दोन मुलं येणार आहेत. मुलांना तलाव, घसरगुंड्या आणि रिकामं जहाज हवं आहे. म्हणून या वेळी दोन वेगळ्या वेळा घ्यायच्या असं आमचं ठरलंय: नवरा, नणंद आणि मुलं सगळ्यात पहिल्या वेळेला, मी आणि आई-बाबा पुन्हा साडेबाराला. त्यासाठी केबिनची विभागणी बुकिंगच्या वेळीच त्या हिशेबाने करून ठेवली आहे, आणि मुलांचे पासपोर्ट नणंदेच्या पिशवीत राहतील, माझ्या नाही.